नळीची भिंत : जुन्या दुनळी बंदुकीची जाडी कशी मोजावी

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि त्यानंतरच्या शतकात सातपुड्याच्या व विदर्भाच्या जंगलांवर शिकारवर्णनांचे मोठे इंग्रजी साहित्य तयार झाले. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ आणि १९२३ मधील डनबार ब्रँडर यांचा वन्य प्राण्यांवरील ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. त्या काळात अधिकारी, जमीनदार आणि मालगुजार यांच्या घरांत इंग्लंडमध्ये घडवलेल्या दुनळी बंदुका आल्या. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीचे पर्व मिटले, तरी बंदुका उरल्या. त्यांतील काही परवान्यावर वारसांकडे आल्या, तर काही संग्रहांत गेल्या. अशा बंदुकीचे आजचे बळ कशावरून ओळखावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी तिच्या नळीच्या भिंतीत, म्हणजे आतील पोकळी आणि बाहेरचा पृष्ठभाग यांच्यामधील धातूच्या थरात, दडलेले असते. हा विषय उलगडण्यासाठी नागपुरातील एक वारसदार आणि मापनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक यांच्यात पुढील संवाद कल्पिला आहे.

वारसदार : सर, घरात पणजोबांच्या वेळची बारा बोरची दुनळी आहे. कुंदा शाबूत आहे, नळ्या आतून लख्ख आहेत आणि नळ्यांच्या बुडाशी इंग्लंडमधील चाचणीचे ठसेही स्पष्ट वाचता येतात. एवढे सारे ठीक दिसत असताना भिंतीची जाडी मोजण्याचा आग्रह कशासाठी?

प्राध्यापक : यांतील प्रत्येक खूण खरी आहे, परंतु एकही खूण आजच्या जाडीविषयी काही सांगत नाही. चाचणीचा ठसा, ज्याला प्रूफ म्हणतात, तो एवढेच सांगतो की ज्या दिवशी तो उमटवला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवूनही नळी टिकली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कोणी गंज घासून काढला, कोणी पोचा उठवला, कोणी बाहेरून कानस मारून नवा रंग चढवला, याची नोंद त्या ठशात होत नाही. आतील लखलखाट तर अधिक संशयाने पाहावा लागतो, कारण गंजाचे खड्डे नाहीसे करण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे खड्ड्यांच्या तळापर्यंतचा सगळा धातू घासून टाकणे.

वारसदार : पण धातूचा थर थोडा पातळ झाला, तर असा किती फरक पडतो?

प्राध्यापक : काडतुसातील दारू पेटली की तयार झालेला वायू नळीला सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो आणि भिंतीच्या वर्तुळात ताण निर्माण होतो. भिंत पातळ असेल तेथे या ताणाचा हिशेब सोपा आहे : दाबाला पोकळीच्या त्रिज्येने गुणावे आणि जाडीने भागावे. बारा बोरच्या नळीचा नाममात्र आतील व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर असतो, त्यामुळे त्रिज्या सव्वानऊ मिलिमीटर धरता येते. नळीच्या एखाद्या ठिकाणी वायूचा दाब १०० बार आहे असे केवळ उदाहरणासाठी मानले, तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या भिंतीवर सुमारे १८५ मेगापास्कल ताण येतो आणि तीच भिंत ०.३५ मिलिमीटर असेल तर तो सुमारे २६५ वर जातो. दीड दशांश मिलिमीटर धातू गेला, तेवढ्याने ताण चाळीस टक्क्यांहून अधिक वाढला.

वारसदार : बारा बोर म्हणजे व्यासाचेच माप, तर मग बारा हा आकडा कोठून आला?

प्राध्यापक : एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले, तर त्यांतील एका गोळ्याचा जो व्यास येतो तो बारा बोर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते; सोळा बोर बारापेक्षा लहान असतो.

वारसदार : दाब तर काडतूस बसते तेथे सर्वांत जास्त असणार. मग नळी तेथेच तपासली तर पुरे नाही का?

प्राध्यापक : काडतूस ज्या भागात बसते त्याला चेंबर म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार साध्या बारा बोर काडतुसासाठी तेथे कमाल दाब ७४० बार धरलेला आहे, आणि म्हणूनच कारागिराने तेथे भरपूर धातू ठेवलेला असतो. पुढे दाब झपाट्याने उतरतो, त्या मानाने भिंतही पातळ होत जाते, आणि तोंडाजवळ, जेथे छर्रे एकत्र राखण्यासाठी पोकळी किंचित आवळलेली असते त्या चोकच्या भागात, ती पुन्हा थोडी जाड होते. त्यामुळे सर्वांत पातळ जागा सहसा नळीच्या मधल्या किंवा पुढच्या टप्प्यात सापडते. बंदूक धरणाऱ्याचा पुढचा हात याच टप्प्याच्या सुरुवातीला असतो. मोजणीचा आग्रह धरण्यामागील सर्वांत मोठे कारण हेच आहे.

वारसदार : बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने घ्यावा, आतला बोर गेजने घ्यावा, वजाबाकी करून दोनाने भागावे. एवढे सोपे गणित असताना वेगळे साधन कशाला?

प्राध्यापक : हे गणित सरासरी जाडी देते, आणि नळी सरासरी जाडीच्या ठिकाणी फुटत नाही. समजा बाहेरचा व्यास २०.०२ आणि आतला १८.५२ मिलिमीटर आहे. उत्तर येते ०.७५ मिलिमीटर, जे अगदी समाधानकारक वाटते. आता आतील पोकळीचा मध्य बाहेरील वर्तुळाच्या मध्यापासून ०.२० मिलिमीटर सरकलेला असेल, तर एका बाजूची भिंत ०.९५ आणि समोरची ०.५५ भरते, परंतु दोन्ही व्यास जसेच्या तसे राहतात. जुन्या नळ्यांत असा मध्यभेद, म्हणजे दोन वर्तुळांचे केंद्र एकमेकांवर न येणे, नेहमी आढळतो, कारण भोक पाडणे, ते सरळ करणे आणि बाहेरून कानसणे ही सगळी कामे हाताने होत. कुंभाराच्या चाकावर एका अंगाला पातळ उतरलेला माठ जसा त्याच अंगाला तडकतो, तसेच नळीचे असते. शिवाय दुनळीत दोन नळ्या वर-खाली पट्ट्यांनी जोडलेल्या असल्याने बाहेरचा व्यास सगळीकडून घेताही येत नाही.

वारसदार : तर मग भिंत थेट मोजण्याचे साधन कसे असते?

प्राध्यापक : त्याचे तत्त्व साधे आहे. एक लांब, ताठ पोलादी दांडा नळीत जातो आणि त्याच्या टोकाला कठीण केलेली लहान गोलाकार घुंडी असते. दांड्याला समांतर दुसरा बाहू नळीच्या बाहेर राहतो व त्याच्या टोकाला डायल गेज बसवलेले असते. डायलची सुई ज्या दट्ट्यावर चालते, त्या दट्ट्याचे टोक आतील घुंडीच्या बरोबर समोर आलेले असते. नळी मध्ये नसताना दोन्ही टोके एकमेकांना टेकवून डायलवर शून्य लावतात; नळी मध्ये आली की दट्टा जितका मागे सरतो तितकी त्या ठिकाणची जाडी. आपल्याकडच्या यंत्रशाळांत इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात, आणि बंदुकीच्या भिंतीची भाषा त्याच मापात चालते. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर.

वारसदार : घुंडी सपाट न ठेवता गोलाकार ठेवण्याचे कारण काय?

प्राध्यापक : आतला पृष्ठभाग अंतर्वक्र असतो, सपाट टोक त्याच्या दोन कडांवर टेकेल, मध्ये फट राहील आणि जाडी प्रत्यक्षाहून जास्त दिसेल. त्याचप्रमाणे दट्टा आणि घुंडी यांची रेषा नळीच्या पृष्ठभागाला काटकोनात नसेल तर तिरका छेद मोजला जातो आणि जाडी पुन्हा जास्तच दिसते. म्हणून नळी हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवून सुई जेथे सर्वांत कमी आकडा दाखवते तोच आकडा लिहावा. या मोजणीतील बहुतेक चुका जाडी वाढवून दाखवणाऱ्या असतात, आणि त्यामुळेच त्या धोक्याच्या ठरतात.

वारसदार : मोजणीचा क्रम कसा असावा?

प्राध्यापक : प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी आणि नळ्या कुंद्यापासून वेगळ्या कराव्यात. आतील शिसे, तेल आणि सुटा गंज पूर्ण काढावा, अन्यथा मळाचीच जाडी मोजली जाते. नळीच्या बाहेर बुडापासून दर एक इंचावर पुसता येईल अशी खूण करावी. प्रत्येक खुणेवर वर, बाहेरच्या कुशीला आणि खाली अशी मापे घ्यावीत व ती डाव्या आणि उजव्या नळीसाठी वेगळ्या तक्त्यात मांडावीत. सर्वांत कमी आकडा सापडला की त्याच्या आसपास पाव-पाव इंचावर पुन्हा शोध घ्यावा, कारण घासकामाने पडलेला खळगा एक इंचाच्या जाळ्यातून निसटू शकतो. दर थोड्या मापांनंतर शून्य तपासावे आणि ज्ञात जाडीची पोलादी पट्टी टोकांमध्ये धरून साधनाची परीक्षा घ्यावी; शून्य सरकलेले आढळले तर मधली सगळी मापे रद्द समजावीत.

वारसदार : नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उष्म्यात धातू प्रसरण पावून माप चुकणार नाही का?

प्राध्यापक : भिंत स्वतः इतकी पातळ आहे की तिच्या प्रसरणाची चिंता नको. पोलाद प्रत्येक अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश इतके वाढते; अर्धा मिलिमीटर जाडी वीस अंशांनी तापली तरी वाढ मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढीच होते. धोका आहे तो लांब दांड्याला. खिडकीतून येणारे ऊन त्याच्या एकाच अंगावर पडले, तर ते अंग जास्त वाढून दांडा वाकतो आणि घुंडी जागेवरून सरते. आडवा धरलेला लांब दांडा स्वतःच्या वजनानेही झुकतो, म्हणून काही साधनांत नळी उभी टांगून मोजतात. साधन आणि नळी दोन्ही एकाच सावलीच्या खोलीत काही तास ठेवून मगच काम सुरू करावे.

वारसदार : दोन नळ्या जेथे एकमेकींना खेटतात, त्या आतल्या कुशीला दट्टा पोहोचणार कसा?

प्राध्यापक : तेथे तो पोहोचतच नाही, आणि ही मर्यादा अहवालात स्पष्ट लिहिणे हा प्रामाणिक मोजणीचा भाग आहे. आतील व्यास आणि बाहेरच्या कुशीची जाडी एकत्र वाचून मध्यभेद कोणत्या दिशेला आहे याचा अंदाज बांधता येतो, एवढेच.

वारसदार : ध्वनिलहरींनी जाडी मोजणारी यंत्रे कारखान्यांत सर्रास वापरतात. ती येथे का चालू नयेत?

प्राध्यापक : चालतात, पण त्यासाठी योग्य जातीचे यंत्र लागते. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीतून जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी जेमतेम पावणेदोन भाग लागतात. बॉयलरच्या पत्र्यासाठी किंवा जाड नळासाठी बनवलेल्या साध्या यंत्राला इतका लहान अवधी वेगळा काढता येत नाही. पातळ पत्र्यासाठी असलेला खास संवेदक, वक्र पृष्ठभागावर नीट बसणारे टोक आणि त्याच धातूच्या नमुन्यावर केलेले प्रमाणीकरण असेल, तर मात्र पट्टीजवळच्या अडचणीच्या जागांचाही अंदाज मिळू शकतो.

वारसदार : आता कळीचा प्रश्न. किती जाडी म्हणजे पुरेशी?

प्राध्यापक : इंग्लंडच्या बंदूक-व्यवहारात बारा बोरसाठी २० थाऊ, म्हणजे ०.५०८ मिलिमीटर, ही किमान मर्यादा दीर्घकाळ मानली जात आली आहे. तिच्या खाली गेलेल्या नळीविषयी जाणते कारागीर सावधगिरीचाच सल्ला देतात. मात्र हा आकडा कायद्यातला नाही आणि तो नळीच्या पुढच्या, कमी दाबाच्या भागासाठी आहे. चेंबरच्या पुढे लगेचच २० थाऊ आढळले, तर ती समाधानाची गोष्ट नसून गंभीर इशारा आहे. म्हणून कोणी एकच आकडा सांगून नळी चांगली असल्याचे म्हटले, तर तो आकडा बुडापासून किती इंचांवरचा आहे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

वारसदार : तर कायद्यातला आकडा कोणता? ठशांमध्ये तो असतो का?

प्राध्यापक : ब्रिटिश चाचणीगृहे दोन : लंडनचे, जे १६३७ ची सनद असलेल्या बंदूककारांच्या संघाचे आहे, आणि बर्मिंगहॅमचे, जे १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नळी घासली गेल्यामुळे जुनी चाचणी बाद झाली का, हे त्यांच्या नियमांत आतील व्यासावरून ठरते, आणि तो व्यास बुडापासून नऊ इंचांवर मोजतात. १८८७ ते १९५४ या काळातील बंदुकांवर १२, १३/१, १३ असे आकडे दिसतात. १२ हा ठसा असेल तर ०.७२९ इंचाचा ठोकळा आत जात होता पण ०.७४० चा जात नव्हता, असा त्याचा अर्थ. १३/१ असेल तर ०.७१९ चा जात होता, ०.७२९ चा जात नव्हता. आज पुढच्या मापाचा ठोकळा आत गेला, तर त्या बंदुकीची चाचणी बाद झाली. १९५४ नंतरच्या ज्या बंदुकांवर व्यास थेट इंचाच्या दशांशात लिहिलेला असतो, त्यांत त्यापेक्षा १० थाऊंहून अधिक वाढ झाली की तोच निकाल लागतो.

वारसदार : म्हणजे आतील व्यास ठशाशी जुळला, तर निर्धास्त राहावे?

प्राध्यापक : येथेच बहुतेकांची फसगत होते. आतला व्यास फक्त आतून गेलेला धातू दाखवतो. बाहेरून गंज कानसून, घासून, नव्याने रंग चढवलेला असेल, तर आतला व्यास मूळचाच राहतो, ठसा वैध ठरतो आणि भिंत मात्र पातळ झालेली असते. उलटपक्षी, आतला व्यास बराच वाढलेला असूनही मुळात जाड घडवलेल्या नळीत पुरेशी भिंत शिल्लक असू शकते. व्यास कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि भिंत बळाच्या प्रश्नाचे. दोन्ही मापे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय नळीचा इतिहास वाचता येत नाही.

वारसदार : घरातील नळ्यांवर नागमोडी नक्षी दिसते. तिला दमास्कस म्हणतात, असे ऐकिवात आहे.

प्राध्यापक : लोखंड आणि पोलाद यांच्या कांबी एकत्र तापवून पिळायच्या, त्या पट्टीसारख्या करून सळईभोवती गुंडाळायच्या आणि घणाखाली त्यांचे सांधे एकजीव करायचे, अशी ती नळी बनते, आम्लाने धुतल्यावर दोन धातूंच्या रंगभेदातून नक्षी उमटते. भारतातील तोडेदार बंदुकांच्या नळ्याही पट्टी वळवून आणि घणाखाली जोडून घडवल्या जात. अशा नळीत बुडापासून तोंडापर्यंत सलग सांधा असतो आणि त्या सांध्यात कीट अडकलेले असू शकते किंवा गंज आत शिरलेला असू शकतो. डायल गेज त्या ठिकाणीही पूर्ण जाडी दाखवते, कारण ते दोन पृष्ठभागांमधील अंतर मोजते. मधला धातू अखंड आहे की नाही, हे त्याला कळत नाही. शिवाय अनेक दमास्कस नळ्यांची चाचणी केवळ काळ्या दारूसाठी झालेली असते, तर आजची काडतुसे धूरविरहित दारूची असतात.

वारसदार : खड्ड्यांचा हिशेब कसा धरावा? घुंडी खड्ड्यात उतरेलच असे नाही.

प्राध्यापक : योग्य शंका. घुंडी खड्ड्यापेक्षा मोठी असेल तर ती काठांवर टेकते आणि खड्ड्याचा तळ मापातून सुटतो. त्यामुळे खड्ड्याची खोली वेगळी अंदाजून ती जाडीतून वजा करावी लागते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटपासून ज्वलनानंतर पोटॅशियम क्लोराइड उरत असे. हे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असला तरी जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत न पुसलेली नळी आतून पोखरली जाते. जुन्या बंदुकांत खड्डे आढळतात ते बहुधा अशा निष्काळजी पावसाळ्यांचे. पोच्याची गोष्टही तशीच आहे : तो आतून ठोकून उठवताना धातू ताणला जातो आणि नंतर बाहेरून कानसला तर पातळही होतो, म्हणून दुरुस्तीच्या जागी मापे दाट घ्यावीत.

वारसदार : ही सगळी तपासणी घरच्या घरी करावी का?

प्राध्यापक : बंदुकीची दुरुस्ती, चाचणी आणि प्रूफ करण्यासाठी शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो, नळी आखूड करण्यालाही कलम ६ ने स्वतंत्र परवान्याशिवाय बंदी आहे. म्हणून मोजणी परवानाधारक बंदूक-कारागिराकडे, आपल्या समोर करून घ्यावी आणि त्याने सहीनिशी तक्ता द्यावा. बंदूक जास्त दाबाच्या काडतुसाने उडवून पाहण्याचा प्रयोग तर कोणीही स्वतः करू नये. नळी पुरेशी जाड ठरली तरी चेंबरची लांबी तपासायची राहतेच, कारण अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांचे चेंबर अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असतात आणि ७० मिलिमीटरचे काडतूस उडाल्यावर त्याचे तोंड उलगडून पोकळीत शिरते व दाब वाढवते.

वारसदार : इतकी मापे घेऊनही शेवटी खात्री मिळतच नसेल, तर मोजणीचा उपयोग काय?

प्राध्यापक : मोजणीच्या अधिकाराची सीमा ओळखली की तिचा उपयोग स्पष्ट होतो. पातळ भिंत सापडली तर मोजणी ठामपणे नाही म्हणू शकते, आणि त्या नकारावर अपील नाही. भिंत जाड सापडली तर मात्र ती केवळ एक अडथळा दूर झाल्याचे सांगते. धातूचा अखंडपणा, चेंबर, नळ्या व कळ यांची घट्ट बैठक आणि वैध चाचणी या परीक्षा बाकीच राहतात. नाही म्हणण्याची ही ताकद ज्या साधनात आहे, ते वापरल्याशिवाय जुनी नळी डोळ्याला लावून लख्ख दिसते म्हणून वापरणे, हे माणसाच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे केलेले अक्षम्य दुर्लक्ष ठरते.

या संवादाचा रोख केवळ परवान्यावरील बंदुकांपुरता नाही. १८६३ मध्ये स्थापन झालेले आणि नागपूरकरांना अजब बंगला म्हणून परिचित असलेले मध्यवर्ती संग्रहालय शस्त्रांचेही दालन बाळगते, आणि जी बंदूक पुन्हा कधीच उडणार नाही तिच्याबाबतही भिंतीच्या जाडीचा तक्ता मोलाचा दस्तऐवज असतो. कारागिराने धातू कोठे राखला व कोठे काढला, भोक किती सरळ उतरले, नंतरच्या हातांनी काय घासले, हे सारे त्या आकड्यांत वाचता येते, आणि तेही वस्तूला ओरखडा न पाडता. म्हणून विदर्भातील प्रत्येक जुन्या दुनळीचा असा तक्ता एकदा तरी व्हावा, प्रत्येक दुरुस्तीनंतर तो नव्याने घेतला जावा आणि बंदूक ज्याच्या हाती जाईल त्याच्याकडे तो परवान्याच्या कागदांसह सुपूर्द व्हावा. असे झाले, तर पुढच्या धन्याला गंज कधी घासला गेला आणि धातू किती उरला याचा तर्क करावा लागणार नाही. दोन तक्ते शेजारी ठेवून त्याला उत्तर मिळेल.